आईच्या पलंगाचा दिवाण

आई गेली तेव्हा आम्ही मुंबईत दिंडोशीच्या वसाहतीत राहत होतो. एक बाहेरची खोली आणि एक स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी आईचा सागवानी पलंग होता. आजारपणात ती त्यावरच असे, आणि गेलीही त्यावरच.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा बिछाना घरात ठेवत नाहीत. तेराव्याला भटजींना नवी गादी, उशी, चादर दिली.

"आणि पलंग?" आत्यानं विचारलं. ही बाबांची धाकटी बहीण, मुलुंडला राहणारी.

"पाठवतो देवळात," बाबा म्हणाले.

त्यांनी तो पाठवला नाही. आत्या मुलुंडला परतली आणि बाबांनी सुतार बोलावला. कारणही तयार होतं. माझ्या मोठ्या भावाचं लग्न आईच्या हयातीतच ठरत आलं होतं. आता ते वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असा रिवाज. सून येणार म्हणजे तिच्या कपाटाला भिंत हवी, आणि आमचं सामान कुठेतरी दडवायला हवं. बाबा म्हणाले, पलंगाचा पेटीचा दिवाण करू, वर बसायचं, आत सामान.

सुतारानं पाय कापले, चारी बाजूंनी प्लाय ठोकला, वर तपकिरी सनमायका चढवला. डोक्याकडच्या फळीवर वेलीचं कोरीव काम होतं. ती फळी हातात घेऊन तो म्हणाला, "ही आता कशाला लागणार?"

"असू दे. आतून लाव कुठेतरी," बाबा म्हणाले.

त्यानं ती झाकणाच्या आतल्या बाजूला आधार म्हणून मारली. बाहेरून काही ओळखू येत नव्हतं. बाबांनी आईच्या साड्या, गोधड्या, पितळेची परात सगळं आत रचलं, वर गादी घातली आणि तिच्यावर नवी चादर ओढली. चांगले कपही मी आतच ठेवले. पाहुण्यांचे कप आत आणि पाहुणे त्यावरच बसणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आई असती तर सुताराला बसायला पाट द्यायच्या आधी तिनं हे विचारलं असतं.

मुलीकडची मंडळी तारीख ठरवायला आली तेव्हा आत्याही मुलुंडहून आरे कॉलनीतून येणाऱ्या बसनं लवकर येऊन बसली होती. मुलीचे आईवडील आणि काका दिवाणावर बसले. मी चहा उकळला आणि कप काढायला वळले. स्वयंपाकघराच्या दारातून मी आत्याला खूण केली.

"काय गं?"

"कप आत आहेत."

"कशाच्या आत?"

मी बोट दाखवलं. आत्यानं कपाळाला हात लावला आणि मोठ्यानं हसली. "उठा हो व्याही, जरा उठा! तुम्ही आमच्या कपांवर बसलाय. आमची पोरगी एवढी शिकली, पण अक्कल गावीच राहिली."

सगळे हसत उठले. मुलीचे काका म्हणाले, "म्हणजे चहाची तयारी आमच्या खालीच होती तर!" आत्यानं गादी दुमडली, झाकण उचललं आणि तिचं हसू थांबलं. वेल तिच्या समोर होती. मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. आत्यानं एकेक कप काढून माझ्या हातात दिला, झाकण हळू टेकवलं, गादी सारखी केली. "बसा, बसा," ती म्हणाली.

तारीख ठरली. मंडळी जिना उतरून गेल्यावर आत्या बाबांकडे वळली.

"दादा, हा वहिनीचा पलंग."

"पलंग नाही. दिवाण."

"माझ्याशी नको रे असं बोलूस. उद्या ती पोर घरात येईल. सासूच्या मरणाच्या पलंगावर तिला रोज बसवशील, न सांगता? मी नाही बोलणार कुणाला. तू सांगशील तिला?"

"लाकडाला काय कळतंय?"

"मग तुला कशाला पाहिजे ते?"

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चपला घालून खाली गेले.

खालच्या मजल्यावर एक बौद्ध कुटुंब राहत असे. घरातले गृहस्थ पोस्टात होते. आईच्या आजारपणात त्यांच्या बायकोनं आम्हाला कितीदा तरी जेवण पाठवलं होतं. बाबांनी त्यांना काही न लपवता सगळं सांगितलं आणि दिवाण हवा का विचारलं.

"काका, आम्ही असलं काही मानत नाही," ते म्हणाले. "पण तुमचं मन आहे का द्यायचं?"

"लग्न व्हायला हवं," बाबा म्हणाले.

रविवारी भावानं आणि त्या गृहस्थांनी मिळून दिवाण जिन्यावरून खाली त्यांच्या घरी उतरवला. आतलं सामान गाठोडी बांधून बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ती गाठोडी तिथेच होती. ती त्यांना वळसा घालून जायची, एकदाही विचारलं नाही.

तिनं विचारलं ते वेगळंच. "बाबा रोज संध्याकाळी खाली कशाला जातात?"

"पेपर वाचायला," भाऊ म्हणाला.

पेपर आमच्याकडेही येत होता.

एकदा खालच्या बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या बाबांना सांगा गं, नीट पसरून बसा. दिवाण एवढा मोठा आहे, आणि हे एका कडेला चार बोटं जागेवर बसतात. बाकीचा सगळा रिकामा ठेवतात. मी म्हटलं, सरका ना काका आत. तर म्हणतात, नको, असू दे."