गालाच्या आतला थर

"मावशी, आ करा."

सरांनी माझ्या हनुवटीला हात लावला नाही. दात कोरायची काडी दोन बोटांत धरून, हात लांब करून ते उभे राहिले. मी त्यांच्यापुढे तोंड उघडून उभी. समोर नववी 'अ'ची पोरं. तिसऱ्या बाकावर माझी लेक.

"मिश्री लावता ना मावशी? बघा रे, बाहेरून दात बघून घ्या. आता आतून पेशी कशा निघतात ते बघू."

पोरं हसली. सरांनी काडी गालाच्या आत घालून खरवडली. त्या मंगळवारी जरा जास्तच जोर लागला. जिभेवर रक्ताची चव आली. मी गालाला हात लावला, तर सर माझ्याकडं न बघता पहिल्या बाकाला म्हणाले, "काही होत नाही. यांच्या लोकांची कातडी जाड असते."

यांच्या लोकांची. कोणाची, ते वर्गात कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या लेकीनं मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही.

मी शहागंजच्या पलीकडच्या एका शाळेत प्रयोगशाळेची मावशी आहे. अकरा वर्षं झाली. मानधनावर. काचपट्ट्या धुवायच्या, कांदा सोलून द्यायचा, प्लास्टिकच्या सांगाड्यावरची धूळ पुसायची. मांडीचं हाड सगळ्यात लांब आणि कानातलं सगळ्यात लहान, हे मला दारात उभं राहून पाठ झालं. सारख्या पेशी एकत्र आल्या की ऊती होते, हेही. लेक सातवीत असताना भाकरी थापता थापता मी तिला हे शिकवलंय. मिश्री मात्र देवगाव रंगारीहून आलेली, माझ्या आईच्या डबीतली. ती काही सुटली नाही.

पूर्वी पोरं आपापला गाल खरवडायची. मग एका पालकाची तक्रार आली, पोरांनी तोंडात काड्या घालायच्या नाहीत म्हणून. सर म्हणाले, मावशी आहेतच की. तेव्हापासून दरवर्षी दोन तुकड्या, दोन वेळा माझं तोंड. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या वर्षी मला तो मान वाटला होता. माझ्या गालातलं काहीतरी काचेवर, त्यावर निळं औषध, आणि एवढी चांगल्या घरची पोरं वाकून वाकून बघतायत. घरी येऊन मी हे कौतुकानं सांगितलं होतं. इतकी मी येडी.

आणखी एक येडेपणा सांगते. सरांची पाण्याची बाटली संपली की ते नेहमी एखाद्या पोराला पाठवायचे. "तू भरून आण रे, मावशींना राहू दे." अकरा वर्षं मी समजत होते, सर माझे पाय वाचवतात. त्या मंगळवारी तास संपल्यावर सरांनी साबणानं दोनदा हात धुतले आणि एका पोराला बाटली दिली. मी नळाच्या शेजारीच उभी होते. हातभर अंतरावर.

तेव्हा मला कळलं. माझ्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं. माझ्या गालातली कातडी वर्गाला दाखवायला चालत होती. गावाकडं आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते लहानपणीच कळलं होतं. शहरात गोड बोलून करतात, म्हणून इतकी वर्षं लागली. मला सरांचा राग आला, त्याच्या दुप्पट माझा आला.

पोरं गेल्यावर ती काचपट्टी मला धुवायची होती. धुतली नाही. अकरा वर्षांत मी कधी सूक्ष्मदर्शकात डोळा लावला नव्हता. कुणी नको म्हटलं नव्हतं, बघा असंही म्हटलं नव्हतं. मी वाकले. आधी नुसताच उजेड दिसला. मग चाक हळूहळू फिरवलं, तशा त्या पेशी दिसायला लागल्या. निळसर, चपट्या, कडा वेड्यावाकड्या, मधोमध एक गडद ठिपका. केंद्रक. मी फळ्याकडं पाहिलं. सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: गालाच्या आतील थर चपट्या पेशींचा व अतिशय पातळ असतो. हे लिहून पाच मिनिटांनी त्यांनीच जाड म्हटलं होतं.

हर्सूलला घरी आले तर लेक दाराकडं पाठ करून बसलेली.

"जेवतीस का?"

"आई, तू आ कामून केलंस?"

सर म्हणाले म्हणून, एवढंच उत्तर होतं. ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी तिचं ताट वाढलं.

गुरुवारी नववी 'ब'. सर म्हणाले, "मावशी, या."

मी गेले. काड्यांची डबी सरांच्या टेबलावर ठेवली.

"मी नाय करणार, सर."

"काय?"

"तुम्हीच लिवलं हुतं फळ्यावर. गालाच्या आतला थर पातळ असतो. सगळ्यांचाच असतो. तुमचा बी असंल. ही काडी. काच पुसून ठिवलीय."

सर हळू आवाजात म्हणाले, "मावशी, मानधनावर आहात तुम्ही. विसरू नका."

"व्हय. काचा धुवायचं मानधन हाय."

कुणी हसलं नाही. त्या दिवशी सरांनी पोरांना पुस्तकातलं चित्र दाखवलं. स्वतःचा गाल काही दाखवला नाही.

दुपारी मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. खुर्ची दिली, तेवढं खरं. म्हणाल्या, "सर मोठे आहेत. वर्गासमोर असं बोलायचं नसतं. सोमवारी माफीनामा लिहून द्या, विषय संपला. नाहीतर पुढच्या वर्षीचं मी काही सांगू शकत नाही." तेव्हापासून मी प्रयोगशाळेत नाही. मैदान झाडायला लावलंय. माझ्या खांद्याचं हाड आधीच दुखतं, आता दोन दिवसांत ठणकायला लागलंय.

मला वाटलं होतं, लेक खूश होईल. गुरुवारी मधल्या सुट्टीतच तिला वर्गातलं कळलं होतं, माफीनाम्याचं शाळा सुटताना. घरी येऊन दप्तर न काढताच म्हणाली, "आई, लिहून दे ना माफी. प्रात्यक्षिकाचे मार्क सरांच्याच हातात हायेत."

सरांची काडी लागली नव्हती इतकं ते लागलं. पण तिचं चुकलं नाही. तिला पुढं नर्सिंगला जायचंय, आणि मार्क कोण देतं ते तिला बरोबर माहीत आहे. चौदा वर्षांच्या पोरीनं आईला वाकायला सांगावं, असा हिशेब तिला कुणी शिकवला? मी शिकवला. दोन दिवस आधी तिच्यासमोर तोंड उघडून.

"न्हाई लिवणार," मी म्हणाले. ती रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर मीच विरघळले असते.

आज रविवार. कागद लिहून झालाय. त्यात माफी नाही. मंगळवारी काय झालं ते आहे, आणि सर जे बोलले ते शब्दाला शब्द, 'यांच्या लोकांची'सकट. पाण्याच्या बाटलीचंही लिहिलंय. लेकीचे मार्क कमी आले तर तिची प्रात्यक्षिकाची वही घेऊन विचारायला येईन, असं लिहिलंय. नोकरी ठेवली तर काचा धुईन, सांगाडा पुसीन, कांदा सोलीन. गाल देणार नाही. माझ्या जागी दुसरी मावशी आणली तर तिचाही मागू नका, नाहीतर मी फाटकाशी येऊन उभी राहीन.

शाळेत अकरा वर्षांत मला कुणी नावानं हाक मारलेली नाही. कागदाखाली मी पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट.