धामणगाव बढेला, चौदा महिने उशिरा

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न येतो, लोणार पाहिलं का? नाही पाहिलं. शेगावलाही गेले नाही. मी गेले होते मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेला, माझ्या शांतामावशीकडे. तिथं बघण्यासारखं काय आहे म्हणाल, तर माझ्याजवळ यादी नाही.

खरं तर हे जाणं चौदा महिन्यांपूर्वीच व्हायला हवं होतं. मावशीचे यजमान, आमचे काका, गेले त्या सकाळी मला फोन आला होता. मी 'बरं' म्हटलं, फोन उशाखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याला, गेले नाही, नंतर साधा फोनही केला नाही. माझा नवरा मिलिंद त्याच्या वर्षभर आधी गेला होता. तेव्हा मी पंधराव्या दिवशी बँकेत कामावर हजर, आणि सगळे म्हणाले, संघमित्रा किती खंबीर! मलाही ते खरं वाटलं. मग वर्ष उलटल्यावर एका सोमवारी अंघोळीला उठवेना, मंगळवारीही उठवेना. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या. त्यातली एक अजून चालू आहे. हळूहळू उठू लागले तशी लाज वाटू लागली, आणि ही लाज अशी की जितका उशीर कराल तितकी वाढते. शेवटी या जानेवारीत ठरवलं, मावशीनं दारातून हाकललं तर हाकललं, पण जायचं.

पुण्याहून सकाळची एसटी धरली तर जालन्यावरून अंधार पडता पडता चिखलीला पोचता. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीसाठी भांडण मात्र पूर्ण. चिखलीत स्टँडजवळ नऊशे रुपयांत बरी खोली मिळाली. गरम पाणी सकाळी बादलीनं येतं, नळाकडे बघत बसू नका.

चिखलीत थांबायला कारण होतं. माझी आई इथंच गेली, मी दहा वर्षांची असताना. सकाळी आमच्या जुन्या गल्लीत गेले, तर आमच्या भाड्याच्या खोलीच्या जागी मोबाइलचं दुकान. आई गेली तेव्हा मला रडूच आलं नव्हतं. भूक लागायची, दर तासाला, राक्षसासारखी. आलेल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. तेव्हा मावशीनं सगळ्यांना सुनावलं होतं, "खाऊ द्या वं तिले. लेकरू पोटानं रडून राह्यलं." मग ती मला धामणगावला घेऊन गेली आणि वर्षभर जे मागेन ते खाऊ घातलं. त्या बाईला मी एक फोन केला नव्हता.

चिखलीहून बुलढाणा तासाभरात, तिथून मलकापूरची गाडी राजूर घाट उतरून मोताळ्याला सोडते. घाटात खिडकीशी बसा, खाली सपाटीवर तुरीची शेतं दूरवर दिसतात. मोताळ्याच्या स्टँडवर पोहे खाल्ले, मिरची नाकात गेली. पुढे जीपनं. बसच्या वेळा विचारल्या तर दोन माणसं तीन वेळा सांगतात.

"कोनाकडं जाऊन राह्यल्या ताई?" जीपवाल्यानं विचारलं.

"शांताबाईंकडे. ते शाळेचे गुरुजी होते ना, त्यांच्या."

"मंग घरापाशीच सोडतो. तसंही ते घर हुडका नाही लागत, आयकू येते!"

जीप हसली. काकांना शेवटची बारा वर्षं ऐकू येत नव्हतं आणि मावशी त्यांच्याशी ओरडून बोलायची. ते गेले, पण आवाज काही खाली आला नाही. मी उतरले तेव्हा ती ओट्यावर तूर पाखडत शेजारच्या वच्छलाबाईंना भाजीचा भाव सांगत होती आणि तो अख्ख्या गल्लीला कळत होता.

मला पाहून सूप थांबलं. "आली का," एवढंच म्हणाली. "पाय धू. जेवाले बस."

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. दुसऱ्या भाकरीला मी घास खाली ठेवला आणि म्हटलं, "मावशी, काका गेले तेव्हा मी..."

"नाही आली. मालूम हाये मले!" ती ओरडली. रागानं की सवयीनं, कळायला मार्ग नाही. "समदे आले. जळगावचे आले, अकोल्याचे आले. मी म्हनो, मित्रा येईन. दरवाजाकडं पाहून पाहून मान दुखली माही."

मी डिप्रेशन, गोळ्या असं काहीतरी पुटपुटले. तिला त्यातलं काही कळेना. "कायच्या गोळ्या? साखरेच्या?"

"नाही गं. मला करमत नव्हतं."

"किती दिवस?"

"आठ महिने."

मावशीचा हात पिठात थांबला. करमत नाही हे सासरी गेलेल्या पोरीनं चार दिवस म्हणायचं असतं, फार तर महिनाभर. "आठ महिने?" ती म्हणाली. "आन् तसं सांगाचं नाही? मले वाटलं, शिकली-सवरली पोरगी, आता तिले आमची गरज नाही." मग तिनं तिसरी भाकरी ताटात टाकली. माझं पोट भरलं होतं, पण मी खाल्ली.

माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. दोन दिवस मी तूर पाखडली, तिच्याबरोबर शेजारी बसून आले. दुपारी ती काकांच्या खुर्चीकडे बघून "चा घेता का?" असं ओरडायची, मग जीभ चावायची. मिलिंद गेल्यावर मी त्याच्याशी असं एकदाही बोलले नव्हते. मला तिचा हेवा वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघाले. वच्छलाबाई पोचवायला आल्या होत्या. आपल्याकडे दुःखाच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच असेल. निरोप न घेता उठायचं, चपला घालायच्या, चालू पडायचं. काका असल्या गोष्टींची भर वर्गात टिंगल करायचे, तरी त्यांच्याही घरी ते पाळलं गेलं. पहिल्यांदाच बसायला आलेलं माणूस चौदा महिन्यांनी उगवलं, तरी नियम तोच. आणि मी पिशवी खांद्याला लावून सरळ म्हणून गेले, "येते हं मावशी!"

"काय बोलली वं पोरी!" वच्छलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मयताच्या घरून येतो म्हन्ते का कोनी?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. उशिरा आले ते आले, वर जाताना हे.

"म्हनू द्या तिले," मावशी म्हणाली. अगदी हळू. तीन दिवसांत पहिल्यांदाच मला तिचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागलं. "जो येते तो गुपचूप उठून जाते. चौदा महिने झाले, कोनी येतो म्हनूनच नाही राह्यलं मले." मग माझं मनगट धरलं. "पुन्हा म्हन."

"येते मावशी."

"ये."

पुण्याला परतून आता तीन आठवडे झाले. सोबत दिलेली तूरडाळ संपत आली. गोळी चालू आहे, काही संध्याकाळी अजून दिवा लावायचंही सुचत नाही. धामणगावला जाऊन माणूस बरं होतं, असा दावा मी करणार नाही.

मिलिंद त्या शेवटच्या सकाळी डबा घेऊन दारातून 'येतो गं' म्हणाला होता. मी आतूनच 'हो' म्हटलं, वळून पाहिलंही नाही. तेव्हापासून तो शब्द मी कुणालाच म्हटला नव्हता. बँकेतून निघताना नुसती मान हलवायची. मावशीच्या दारात तो कसा निसटला, मला खरंच माहीत नाही.

मिलिंद यायचा नाही. पण मी म्हटलंय, आणि तिकडे एक बाई मान दुखेपर्यंत दरवाजाकडं पाहते. होळीच्या आधीच्या शुक्रवारचं तिकीट काढलं आहे.