बाळंतिणीच्या खोलीतली कादंबरी

मी चौथीपर्यंत शिकले. ओळीखाली बोट धरून वाचते, अजूनही. वाचायची गोडी लागली ती लग्नानंतर, भुताखेतांच्या कादंबऱ्यांमुळे. नवरा शाहूपुरीत कापडाच्या दुकानात कामाला होता. तिथल्या वाचनालयातून तो शनिवारी एक पुस्तक आणायचा आणि सोमवारी परत द्यायचा. आधी तो वाचणार, मग मी. आठवडाभर भाकऱ्या थापायच्या, धुणी बडवायची, आणि शनिवार-रविवार कुठल्यातरी तळघरात, नाहीतर राक्षसांच्या राज्यात जाऊन यायचं. त्या घरात माझं म्हणावं असं एवढंच होतं. कामात खोट नव्हती, म्हणून सासूबाईही काही बोलत नव्हत्या.

त्या वर्षी धाकट्या जावेचं बाळंतपण आमच्याकडेच झालं, कारण तिला आई नव्हती. मुलगा झाला. खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर, उशाशी विळा. पाचवी पुजेपर्यंत त्या खोलीत भूत, मढं असले शब्दसुद्धा काढायचे नाहीत, अशी आमच्यातली रीत. ती मला माहीत होती आणि जावेलाही.

शनिवारी सासूबाई नणंदेला पाचवीसाठी आणायला पेठ वडगावला गेल्या. त्या मुक्कामाला राहणार होत्या. नवऱ्यानं आणलेलं पुस्तक घेऊन मी सोप्यात बसले, तशी जावेनं हाक मारली.

"अक्का, आत या की. पडून पडून जीव आंबला माझा. ते मोठ्यानं वाचा."

"भुताचं हाय. आत्तींना कळलं तर जित्ती ठेवायच्या न्हाईत मला."

"आत्ती वडगावात हायत. त्यांचा कान हितवर लांब हाय व्हय?"

मी गेले. गोष्ट अशी होती. दुसरेपणाची बायको एका बंगल्यात येते. स्वयंपाकघराला कुलूप, पण आतून रोज कुणीतरी भाकरी थापल्याचा आवाज येतो. कुलूप काढून बघते, तर पलीकडे एक अख्खं गाव, आणि त्या गावात नुसत्या मेलेल्या बायका. सगळ्यांच्या चुली पेटलेल्या.

"आता गं बया! मेल्यावर बी भाकरीच का?" जाऊ म्हणाली. आम्ही दोघी इतकं हसलो, की ती म्हणाली, "बास करा, अक्का, टाकं दुखत्यात."

रविवारीही तिनंच पुस्तक मागितलं. त्या गावात एक चूल विझलेली असते, तिच्यापाशी नव्या बायकोचं नाव लिहिलेलं असतं. तिथवर आलो आणि बाळ दूध ओढेना. अंग तापलेलं. एवढ्यात सासूबाई नणंदेला घेऊन दारात. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पुस्तकावर केस सोडलेली, सुळे काढलेली बाई होती. ती कुणालाही वाचता आली असती.

"हे आत कुणी आणलं?"

जाऊ रडायला लागली. "अक्कांनी. मी नगं नगं म्हणत हुते, त्या ऐकंनातच."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो उंबऱ्याशी उभा होता. पुस्तक त्यानं आणलेलं, आदल्या दिवशी आमच्या हसण्याचा आवाज ऐकून "हळू हसा की" असं सांगून गेलेला. तो म्हणाला, "आता वाद नगं. पोराचं बघा आधी."

डॉक्टर आले, त्यांनी आधी शेगडी बाहेर काढायला लावली आणि खिडकी उघडली. संध्याकाळपर्यंत पोर दूध प्यायला लागलं. पण सासूबाईंच्या मते मी बाहेरचं घरात आणलं होतं. बारशाला मला पाळण्याला हात लावू दिला नाही. आलेल्या बायकांना का ते नणंदेनं सांगितलं. वाचनालय बंद झालं ते माझ्यापुरतं. नवरा दुकानातच वाचून घरी यायचा.

जावेवरचा राग कालांतरानं गेला. ती ओली बाळंतीण, सासूला भ्यायली. नवरा काही बाळंत झालेला नव्हता.

सासूबाई वारल्यावर, पुष्कळ वर्षांनी, एका शनिवारी त्यानं तेच पुस्तक शोधून आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"घे. आता कोण अडवतंय?"

मी विचारलं, "त्या दिवशी का बोलला न्हाईसा?"

"आईपुढं काय बोलणार हुतो?"

"'पुस्तक मी आणलंय' म्हणायचं, एवढंच."

मी पुस्तक उचलून त्याच्या पिशवीत घातलं आणि धुणं वाळत घालायला गेले. गोष्टीतल्या त्या बायकोचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. सोमवारी त्यानं ते परत केलं.