डबा पॅरिसचा, आम्ही ब्रसेल्सचे

कुवेतच्या विमानतळावर मे महिन्याचं ऊन इतकं होतं की विमानाच्या जिन्याचा कठडा धरताच जुबेदानं हात झटकन मागे घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे कोलोनच्या रस्त्यावर ती साडीवर माझा कोट चढवून उभी होती.

"अहो, माझ्या तोंडातून धूर येतोय!" ती ओरडली आणि पुन्हा पुन्हा फुंकर मारून बघू लागली.

कुवेतमधल्या शुऐबाला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात मी पंपांवर फिटर होतो. नवे पंप जर्मनीहून यायचे होते, ते शिकायला मला सहा आठवडे कोलोनला धाडलं होतं. बायकोचं तिकीट मी पदरचं काढलं. आमच्या बाणकोटच्या पुरुषांनी बोटीवर नोकऱ्या करून अर्धं जग पाहिलेलं. बायकांनी मात्र खाडीपलीकडचं गावही धड पाहिलेलं नसतं. मी युरोपच्या राजधान्या दाखवणार आणि जुबेदा बघणार, असा माझा बेत होता.

पहिल्या रविवारी बॉनला गेलो. ही पश्चिम जर्मनीची राजधानी, असं मी ऐटीत सांगितलं.

"एवढीशी?" ती म्हणाली. "मला वाटलं, राजधानी अजून यायचीय."

पण ऱ्हाईन नदी तिला फार आवडली. काठावरच्या बाकावर आम्ही उकडलेली अंडी, पाव आणि लालबुंद चेरी खाल्ल्या. (डुकराच्या मांसाच्या धास्तीनं आमचं जेवण बहुधा अंड्यांवरच चाले.) शेजारच्या आजीबाईंनी साडीला हात लावून हातानेच विचारलं, कापड केवढं? जुबेदानं सहा बोटं दाखवली. बाईंचा विश्वास बसेना. मग जुबेदा उठली, तिनं पदर पसरून दाखवला आणि आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या आठवड्यात चार दिवस मोकळे मिळाले. दोन दिवस ब्रसेल्स, दोन दिवस पॅरिस असं ठरलं. सकाळी कोलोनला गाडीत बसलो. खिडकीबाहेर हिरवी कुरणं, ठिपक्यांच्या गाई, सफरचंदाच्या बागा. जुबेदा एकदा या खिडकीशी, एकदा त्या. बेल्जियमच्या हद्दीत शिरल्यावर तिला चहा हवासा झाला. उपाहारगृहाचा डबा गाडीत पुढे होता. तिथे ही रांग! मी उभा असतानाच लिएज स्टेशन आलं, गाडी बराच वेळ थांबली आणि सुटली. चहाचे दोन पेले सांभाळत मी मागे निघालो. एक डबा ओलांडला, दुसरा ओलांडला आणि शेवटच्या दाराशी येऊन थबकलो. काचेपलीकडे आमचा डबाच नव्हता. नुसते रूळ मागे पळत होते.

चहा माझ्या बुटांवर सांडला. तिकीट तपासनिसाला मी धरून हलवलंच. त्याला थोडं इंग्रजी येत होतं.

"मागचे डबे लिएजला सुटतात. ते पॅरिसला जातात. डब्यावर पाटी असते."

पाटी मी वाचलीच नव्हती. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे होता, पण दोघांची तिकिटं माझ्या खिशात होती आणि जुबेदाला ना इंग्रजी येत होतं, ना फ्रेंच. नकाशात बोटभर असलेला बेल्जियम मला त्या घटकेला संपता संपेना.

ब्रसेल्सच्या स्टेशनमास्तरानं पॅरिसला तार केली : हिरव्या साडीतल्या भारतीय बाईला थांबवून ठेवा, नवरा सहाच्या गाडीनं येतोय. मी पुढची गाडी पकडली. ब्रसेल्सचा तेव्हा मी फक्त फलाट पाहिला. वाटेत काहीबाही दिसत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, परक्या फलाटावर रडणारी माझी बायको. तिच्या आईला काय सांगू, इथपर्यंत माझं मन जाऊन पोचलं.

पॅरिसचं स्टेशन काचेच्या छपराचं, अफाट. मी धावत सुटलो. घड्याळाखालच्या बाकावर हिरवी साडी दिसली. जुबेदा डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईशी खिदळत होती. दोघींच्या मध्ये कागदावर पाव नि जैतून (ऑलिव्ह) ठेवलेले. मला पाहताच तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसून तिनं विचारलं, "खय होतास तुमी (कुठे होतात तुम्ही)?"

"मी? मी कुठे होतो?"

"चहा आणायला गेला होतात ना?"

मला राग येत होता, रडू येत होतं. मी तिच्या शेजारी मटकन बसलो. मग सगळं कळलं.

तपासनीस तिकीट मागायला आला तेव्हा ती घाबरून नुसती दाराकडे बोट दाखवत राहिली होती. समोर ही रुमाल बांधलेली बाई, फातमा, आणि तिचा नवरा बसले होते. ते अल्जीरियाचे, पॅरिसला कामाला असलेले. फातमाच्या तोंडून "या रब्ब" (हे परमेश्वरा) ऐकताच जुबेदाला धीर आला. कुवेतला शेजारणींच्या हौशात (अंगणात) रोज बसून ती अरबी शिकली होती. मी त्या गप्पांना वेळ घालवणं म्हणायचो.

"तिची अरबी निराळी, माझी निराळी," जुबेदा सांगू लागली. "अर्धं कळत नव्हतं. मी म्हटलं, नवरा हरवला. तिनं छातीवर हात मारला. तिला वाटलं, वारला! मग मी म्हटलं, नाही, नाही, चहाला गेला."

फातमाच्या नवऱ्यानं तपासनिसाला फ्रेंचमध्ये सगळं समजावलं. स्टेशनात तारेचा निरोप मिळाला. मी सहाला येणार हे कळल्यावर फातमानं तिला विचारलं, चार तास इथे बसून काय करणार?

"म्हणजे?" मी विचारलं.

"तो लोखंडी मनोरा बघून आले. जमिनीखालच्या गाडीनं गेलो. वर पण चढले, पहिल्या मजल्यापर्यंत. नदी काय सुरेख दिसते हो!" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "उद्या तुम्हाला दाखवते."

आणि तिनं दाखवलं. भुयारी गाडीत कुठे चढायचं, कुठे उतरायचं, ती पुढे आणि मी मागे. मनोऱ्याच्या अगदी टोकावर आम्ही दोघेही प्रथमच गेलो. वारा असा, की तिनं माझा दंड घट्ट धरला. खाली नदीवरचे पूल, राखाडी छपरं, मुंगीएवढ्या मोटारी. "इथपर्यंत आलो आपण," ती म्हणाली. संध्याकाळी फातमाच्या एका खोलीच्या घरी वाफाळता कुसकुस (रव्याच्या कण्यांचा भातासारखा प्रकार) जेवलो. सहा आठवड्यांत पहिल्यांदा मी न विचारता मटण खाल्लं.

परतीच्या वाटेवर ब्रसेल्सही झालं. सोनेरी नक्षीच्या घरांचा तो चौक, कागदाच्या पुडीतले गरमागरम तळलेले बटाटे, पावसाची भुरभुर. बटाटे खाऊन संपेपर्यंत आम्ही चौकातून हललो नाही.

कुवेतला परतलो तेव्हा धुळीचं वादळ चालू होतं. ओळखीची मंडळी युरोपच्या गोष्टी ऐकायला जमली. मी पंपांबद्दल सांगायला लागलो की सगळे तिच्याकडे वळत. तिचं ऐकताना मला वाटायचं, आपण हिला जग दाखवायला नेलं, असं आता कुठल्या तोंडानं सांगणार? मी इतकी वर्षं तिच्यासोबत राहिलो, पण ती अनोळखी माणसांत कशी हसते, ते मला पॅरिसच्या फलाटावर पहिल्यांदा दिसलं होतं.

पाहुणे गेल्यावर तिनं जमिनीवर नकाशा पसरला आणि इटलीवर बोट ठेवलं.

"पुढच्या वर्षी रोम," ती म्हणाली. "तुम्हाला रजा मिळाली, तर तुम्हीपण चला."