सोजराबाईंचा हात आणि सुलूमावशींची वाकटी

सोजराबाईंच्या खोलीत शिरलं की आधी दोरे दिसतात, मग सोजराबाई. लोकरीचे, सुताचे गुंडे बिस्किटांच्या डब्यांत, खिडकीच्या गजांना, देवाच्या तसबिरीच्या खिळ्यालासुद्धा. नवरा खंडेराव तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मागावर लागला तेव्हा त्या सोलापूरहून बोईसरला आल्या, त्याला आता तीस वर्षं होतील. माहेरी चादरी विणायच्या, इथे रफू करतात. पूर्वी पँटी आणि शालू यायचे. हल्ली घरोघरी कुत्री-मांजरं आली आणि त्यांच्या मागोमाग उसवलेले गालिचे आले.

बाईंचे नियम ठरलेले. जनावराने ओलं केलं तर घासायचं नाही, कोरडं फडकं दाबून टिपायचं आणि वर खायचा सोडा पसरायचा. रफूचा दोरा बाजारातून आणायचा नाही, त्याच गालिच्याच्या दुमडलेल्या कडेतून काढायचा, म्हणजे रंग फसवत नाही. शिवाय त्यांच्या कामाबद्दल ‘दिसणार नाही ना?’ असं विचारायचं नाही. मी एकदा विचारलं होतं. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला होता.

यंदा मे महिन्यात आमच्याच इमारतीतल्या सुलूमावशी गालिच्याची वळकटी घेऊन त्यांच्याकडे आल्या. मावशी समुद्रकाठच्या मुरबे गावच्या. मुलगा भावेश लग्नानंतर बोईसरला फ्लॅट घेऊन राहिला, तशी आईही आली आणि आईबरोबर तिची मांजर. लांब आणि सडपातळ, म्हणून वाकटी या सुक्या मासळीचंच नाव तिला दिलेलं. गावात तिला अंगणभर वाळू होती, फ्लॅटमध्ये गालिचा होता. वाकटीने वाळूत करायचं ते गालिच्याच्या कोपऱ्यावर केलं, आणि सवयीने नखांनी उकरून झाकायलाही गेली. पुन्हा असं झालं तर मांजर माहीम गावी मामाच्या वाडीत सोडून येईन, असं भावेशने सांगून टाकलं होतं.

"चौदा वर्सांची हाय ती," मावशी म्हणाल्या. "दोन दात राहिलेत. वाडीतले कुत्रे तिला जगू देनार नाय."

सोजराबाईंनी कोपरा उलटून पाहिला. "जाती कुठं? मी बसलीय की हितं."

त्यांनी गालिचा रिठ्याच्या पाण्यात धुतला, दोन दिवस गच्चीवर वाळवला आणि तीन दुपारी बसून कोपरा भरून काढला. मावशींनी न्हाणीघरात वाळूचा ट्रे ठेवला. वाकटी शहाण्यासारखी त्यातच जाऊ लागली. सगळं मार्गाला लागलं असं वाटत असताना, गालिचा घरी परत गेल्यावर आठव्या दिवशी वाकटीने तोच गालिचा पुन्हा उकरला. ओलं काही केलं नव्हतं, नुसतं खरवडलं होतं आणि चाटलं होतं. भावेशने मांजर सोडून यायला रविवार नक्की केला.

सोजराबाईंना ते मनाला लागलं. आपल्याच हाताच्या कामात मांजरीला काय खुपतंय ते त्यांना कळेना. त्यांनी गालिचा घरी आणला. दुपारी वारा फार सुटला म्हणून खिडकी लावून घेतली, आणि थोड्या वेळाने सुई खाली ठेवली. ज्या घरात कधी अंडंही शिजलं नाही, तिथे जवळ्याचा, त्या बारीक सुक्या कोळंबीचा वास येत होता. गालिच्याला नाक लावलं, तर तो त्यातूनच येत होता.

त्या तशाच गच्चीवर गेल्या. ओला गालिचा ज्या निळ्या ताडपत्रीवर पसरला होता, त्याच ताडपत्रीवर आता मावशींचा जवळा वाळत होता. उन्हाळाभर आमच्या गच्चीला हाच वास असतो, त्यामुळे वाळवताना वेगळं काही जाणवलंच नव्हतं. खंडेरावांनी सुचवलं की गुपचूप पुन्हा धुऊन देऊन टाक, कुणाला कळणार आहे?

"आन् मांजर गेली म्हंजे?" बाई म्हणाल्या. "तिला सांगता येतंय व्हय, माझी चूक नव्हती म्हणून?"

रविवारी सकाळी त्या गालिचा खांद्यावर टाकून वर गेल्या, मी दुसरं टोक धरून मागे. भावेशने झाकणाच्या टोपलीत टॉवेल अंथरून वाकटीला आत बसवलं होतं. मावशी तोंड फिरवून खिडकीशी उभ्या होत्या. सोजराबाईंनी दारातूनच सांगितलं की कसूर मांजरीची नाही, आपली आहे. गालिचा जवळ्याच्या ताडपत्रीवर वाळवला, त्याचा वास आत राहिला.

भावेशने वास घेतला आणि कसला वास, म्हणून विचारलं. मावशींनीही घेतला. "चांगला तर हाय," त्या म्हणाल्या.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून सून बोलली. अर्चना नाशिकची, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. "मला येतोय. गालिचा घरात होता ते आठही दिवस येत होता."

मग बोलली का नाहीस, असं भावेशने विचारलं.

"मला वाटलं, घराचाच आहे," ती म्हणाली. "असं कसं बोलणार?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्या अशा हसायला लागल्या की पदराने डोळे पुसावे लागले. अर्चना लाजून हसली. भावेशने टोपलीचं झाकण उघडलं. वाकटी बाहेर येईना. टॉवेलवर वळसा घालून ती आणखी आत सरकली.

सोजराबाई गालिचा पुन्हा खांद्यावर घेत म्हणाल्या, "चार दिवस लागतील मला. तवर बसू दे की तिला त्यातच."