सव्वीस अंशांवर थांबलेला आलेख

शालिनी सुर्वेबाईंना मी प्रथम पाहिले ते रत्नागिरीच्या आमच्या महाविद्यालयात, नव्या संगणकावरचे प्लॅस्टिकचे आवरण घडी घालून ठेवताना. ऐंशीचे दशक सरत आले होते. मी प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू होत होतो. "चपला बाहेर ठेवा, शंका आत आणा," असे त्यांनी माझे स्वागत केले.

बाई सी भाषा शिकवत. शिवाय पूर्णगडच्या समुद्राच्या तापमानाची नोंद ठेवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. तिथले जना तांडेल रोज सकाळी होडीतून पाण्याचे तापमान मोजत आणि एसटीच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी पाठवत. आम्ही आकडा संगणकात भरून चिठ्ठी टाकून देत असू.

जूनपासूनचे वर्ष मे महिन्यात संपल्यावर आलेख काढला, तर तो डिसेंबरातच थांबलेला. मुंबईहून पाहणीला आलेले अधिकारी म्हणाले, "थंडी पडली आणि तुमचा माणूस घरी बसला. माणूस बदला." पाहणीसाठी बोलावलेले तांडेल समोरच उभे होते. "येक दीस चुकवला नाय मी, बाय," एवढेच बोलून ते निघून गेले.

बाई म्हणाल्या, "माणूस राहू दे. आधी माझा प्रोग्राम तपासते."

फाईलचा आकार पाहिला, तो पूर्ण वर्षाचा होता. म्हणजे आकडे आत होते, बाहेर येत नव्हते. जागा वाचावी म्हणून बाईंनी प्रत्येक तापमान अक्षरांत न लिहिता थेट एका बाइटमध्ये साठवले होते. फाईल बायनरी, म्हणजे नुसत्या आकड्यांची होती, पण वाचताना ती टेक्स्ट, म्हणजे मजकुराची म्हणून उघडली जात होती. आमच्या त्या संगणकावर टेक्स्ट फाईलमधला सव्वीस या किमतीचा बाइट म्हणजे 'मजकूर संपला' अशी खूण. थंडीत पाणी पहिल्यांदा सव्वीस अंशांवर उतरले आणि वाचन तिथेच अडले. फाईल उघडण्याच्या ओळीत वाचण्याच्या 'आर'पुढे बायनरीचा 'बी' घालताच आलेख शेवटपर्यंत गेला.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने विषय मिटला. बाई मात्र रविवारी मला घेऊन पूर्णगडला गेल्या आणि तांडेलांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, शेजारीपाजारी जमलेले असताना म्हणाल्या, "चूक माझ्या प्रोग्रामची होती. यांनी एकही दिवस चुकवला नव्हता."

तांडेल संकोचले. "येवढ्यासाठी उन्हातानाची कशाला आलीस, बाय?"

"बोल तुम्हांला लागला होता. तो चारचौघांत पुसायला हवा."

त्यांच्या घरच्यांनी आम्हांला जेवल्याशिवाय सोडले नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत बाई तोच प्रोग्राम, चुकीसकट, दरवर्षी फळ्यावर लिहीत. "ही मी केलेली चूक," असे आधी सांगत. त्यामुळे आपला फसलेला प्रोग्राम त्यांच्यापुढे ठेवायला कुणी विद्यार्थी कधी बिचकला नाही.

आज बाई पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, त्यांच्या ओटीवर शिकणाऱ्यांची वर्दळ असो, आणि शंभरीच्या दिवशीही त्यांना नमस्कार करायला आम्हांला रांग लावावी लागो.