भिंतीवर आदळलेली पैलवान

वडिलांच्या पावाच्या भट्टीत पहाटेपासून पीठ मळून तिचे दंड असे भरले होते, की धाकटा भाऊ तिला चेष्टेने पैलवान म्हणायचा. एकदा पाव पोचवायला उतारावरून जाताना सायकलचे ब्रेक लागलेच नाहीत. समोरून ट्रक आला आणि तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. वर्षभर पैलवान खिडकीपाशी बसून होती. शेवटी भावानेच तिला बर्फाच्या मैदानावर नेलं.

तिथे पाय नसलेली माणसं पात्यांच्या घसरगाडीत पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेत आणि वाऱ्यासारखी सुटत. दोन हातांत दोन आखूड काठ्या. एका टोकाच्या दातांनी बर्फ मागे रेटायचा आणि काठी फिरवून दुसऱ्या, चपट्या टोकाने रबराची चकती जाळीत मारायची. ही हॉकी तिला पहिल्याच दिवशी आवडली. लवकरच वेगात तिला कोणी गाठेना. घोडं पेंड खायचं ते एकाच ठिकाणी. जाळीमागची भिंत जवळ आली, की ती दोन्ही काठ्या बर्फात रोवून थांबायची. मग चकती मारायला हात कुठून राहणार? समोरचा खेळाडू चकती अलगद घेऊन जायचा.

"बाई, गोल करायला जातेस की भिंतीची विचारपूस करायला?" प्रशिक्षक वैतागले. "उद्याच्या सामन्यातही काठ्या रोवल्यास, तर तुझी जागा दुसऱ्याला देईन."

सामना शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरीत होता. तेवढ्यात चकती तिच्याकडे आली आणि पैलवान सुटली. भिंत अंगावर येऊ लागली. काठ्या आपोआप खाली झुकल्या.

"पैलवान, हाण!" वर प्रेक्षकांतून भाऊ ओरडला.

आता थांबले, तर पुन्हा ती खिडकी! तिने काठी फिरवली आणि जीव खाऊन फटका मारला. पुढच्याच क्षणी ती धाडकन भिंतीवर आदळली. गाडी उलटली. पट्ट्यांत अडकून ती कुशीवर पडली, गालाला बर्फ झोंबत होता. चकतीचं काय झालं, कळेना.

तिच्या संघाचा गोलरक्षक घसरत आला. "मेलीस की काय गं?"

"ते राहू दे. आत गेली का?"

"गेली! जिंकलो आपण!"

"मग बघतोस काय? सरळ कर मला!"

पुढे ती देशाकडून खेळली, कर्णधार झाली, गळ्यात पदकं घालून घरी आली. आता ती नव्या मुलांना शिकवते. पहिल्या दिवशी त्यांना मुद्दाम भिंतीवर धडकायला लावते.

"आदळा, आदळा," ती हसत म्हणते. "भिंत खात नाही कुणाला."